दारूगोळ्याच्या कुंपणाआड कुणाचं रक्त तपासलं जातं?

२४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. छत कोसळलं, आठ कामगार मेले, पाच जखमी झाले. शोकसंदेश आले, चौकशी लागली, मदतीचे आकडे जाहीर झाले आणि दोन दिवसांनी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात सगळं बुडून गेलं. त्याआधी २० नोव्हेंबर २०१८ ला वर्धा जिल्ह्यात सोनेगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण मेले. त्यात बहुतेक ठेकेदाराने आणलेले आसपासच्या गावांतले मजूर होते. आणि त्याच्याही आधी, ३१ मे २०१६ ला, पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारातल्या आगीने १९ जणांचा जीव घेतला.

या तीन तारखा बातम्यांत आहेत. दारूगोळ्याच्या कामात मरण्याचा आणखी एक प्रकार आहे, त्याला तारीख नसते, म्हणून त्याची बातमी होत नाही. या लेखाचा विषय तो आहे.

पुलगावचंच घ्या. रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी पाझरत होता, हे कारण पुढे चौकशीतून समोर आलं. सगळी चर्चा झाली ती सुरुंग सदोष कसे बनले, जबाबदार कोण, दारूगोळा किती जळाला याची. पण टीएनटी पाझरत होता याचा दुसरा अर्थ कुणी काढला नाही. आग लागायच्या आधी तो कुठेतरी सांडत होता. पेट्यांवर, फरशीवर, पेट्या उचलणाऱ्यांच्या हातांवर. ती फरशी कुणी पुसली? पुसणाऱ्याला हातमोजे होते का? त्याचं रक्त कधी तपासलं गेलं का? आगीची चौकशी होते, पाझरण्याची होत नाही.

टीएनटी हा फक्त फुटणारा पदार्थ नाही. तो कातडीतून अंगात जातो. यकृत बिघडवतो, रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो, वर्षानुवर्षं संपर्क राहिला तर डोळ्यांत मोतीबिंदू करतो. ही काही नवी माहिती नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या कारखान्यांत तोफगोळे भरणाऱ्या बायकांची कातडी आणि केस पिवळे पडले आणि लोकांनी त्यांना पिवळ्या पाखराचं नाव ठेवलं. विषारी काविळीने सुमारे शंभर बायका मेल्या. १९१६ मध्ये ब्रिटन सरकारने ही कावीळ सरकारला कळवणं बंधनकारक केलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जगाला हे माहीत होतं. नायट्रोग्लिसरीनचं असंच आहे. पहिले काही दिवस डोकं फुटतं, मग शरीराला सवय होते, रविवारी सुट्टी मिळाली की सवय मोडते आणि सोमवारी डोकं पुन्हा फुटतं. काहींचं हृदय त्या सुट्टीतच बंद पडलं, हेही वैद्यकाने नोंदवून ठेवलेलं आहे. आरडीएक्सच्या भुकटीने फिट येते. टोपणांत शिशाची संयुगं असतात. धातूचे भाग धुवायला वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं ट्रायक्लोरोइथिलीन मूत्रपिंडाचा कर्करोग करतं. विमानतळावर आणि इंधनाच्या टाक्यांजवळ आग विझवायला जो फेस मारतात, त्यातली काही रसायनं मातीत आणि पाण्यात विरतच नाहीत. रॉकेटच्या इंधनातलं परक्लोरेट विहिरीत उतरलं तर पिणाऱ्याच्या थायरॉइडला आयोडीन मिळू देत नाही.

आमच्या भागातले एक आबा होते. जवळपास तीस वर्षं ते एका दारूगोळा कारखान्यात भरणीच्या कामावर होते. कारखान्याचं नाव इथे घेत नाही. उन्हाळ्यात गावी आले की त्यांचं बनियन घामाने पिवळं व्हायचं, उशीचा अभ्रा पिवळा व्हायचा. आजी त्यांचे कपडे वेगळे धुवायची. वस्तीतली पोरं त्यांना हळद्या आबा म्हणायची आणि आबाही हसायचे. चाळिशीतच त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. तो कामामुळे आला का? मला सांगता येत नाही. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरलाही सांगता आलं नसतं. आबांच्या पत्र्याच्या पेटीत पेन्शनचं पुस्तक होतं, पगाराच्या चिठ्ठ्या होत्या, निवृत्तीच्या दिवशीचा हार घातलेला फोटो होता. तीस वर्षांत झालेल्या तपासण्यांचा एकही कागद नव्हता. ते कोणता पदार्थ हाताळत होते याचाही नव्हता.

इथे कुणी म्हणेल, यात जात कुठे आली? विष काय जात विचारून अंगात शिरतं? जर्मन समाजशास्त्रज्ञ उलरिश बेक यांनी १९८६ मध्ये साधारण असाच विचार मांडला होता की आधुनिक काळातले रासायनिक आणि अणूचे धोके वर्गाच्या भिंती ओलांडतात, श्रीमंतालाही गाठतात. एम.ए.ला असताना आम्ही तो पाठ केला. पण बेक यांनी आपलं गाव पाहिलं नव्हतं. आमच्या निरवांगीत नीरा काळी पडते, फेस येतो, मासे उलटे होतात, तेव्हा ज्याच्याकडे फिल्टरचं मशीन आहे तो जारचं पाणी आणतो आणि ज्याच्याकडे नाही तो हातपंपावर जातो. वास सगळ्यांना येतो, पाणी सगळ्यांना पोचत नाही. विष जात विचारत नाही हे खरं, पण विषापाशी कुणाला उभं करायचं हे जात ठरवते. बाबासाहेबांनी जातीबद्दल जो मूळ मुद्दा मांडला तो हाच, की ती कामं वाटून थांबत नाही, काम करणारी माणसंच वेगळी काढून खालीवर रचते. कुठल्याही मोठ्या कारखान्याच्या गेटवर सकाळी सात वाजता उभं राहा. ठेकेदाराच्या रांगेत कोण आहे आणि गाडीतून काच खाली न करता कोण आत जातं, हे बघायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

आपलं आणि लष्कराचं नातं साधं नाही, म्हणून हा विषय आपल्याला अवघड जातो. कंपनीच्या फौजेत लढलेल्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध विनंतीअर्ज लिहिला. १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी फौजेची आणि पोलिसांची दारं उघडावीत म्हणून इंग्लंडच्या सरकारकडे अर्ज केला. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा रेटा होता. ते स्वतः महूच्या छावणीत जन्मलेले, सुभेदाराचा मुलगा. २५ डिसेंबर १९५४ ला त्यांनी बुद्धाच्या मूर्तीची स्थापना केली ती देहूरोडला, लष्करी डेपोंच्या आधाराने वाढलेल्या वस्तीत. छावणीने आपल्याला पगार दिला, शाळा दिली, गावकीच्या कामातून सुटका दिली. आमच्या वस्तीतल्या भिंतींवर बाबासाहेबांच्या शेजारी गणवेशातल्या काका-मामांचे फोटो आहेत. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला इस्रोच्या रॉकेटचे भाग घडतात याचाही इथल्या माणसाला अभिमान आहे, आणि तो रास्त आहे.

पण दार उघडा म्हणून तीन पिढ्या मागणी करणाऱ्या समाजाने दार उघडल्यावर आत काय हाताळायला दिलं हे विचारायचंच नाही, असा करार कुणी केला होता? बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. युद्धाचा काळ होता, दारूगोळ्याचे कारखाने रात्रंदिवस चालू होते. त्या काळात त्यांनी युद्धाचं कारण सांगून कामगाराचा प्रश्न बाजूला ठेवला नाही. कामाचे तास, आरोग्य विमा, कामगार कल्याण हे सगळं त्याच चार वर्षांत पुढे सरकलं. आज युद्ध नसतानाही आपल्याला सांगितलं जातं की संरक्षणाचा विषय आहे, बोलू नका.

हे ‘बोलू नका’ कायद्यात कसं बसवलं आहे ते पाहू. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार मोठा प्रकल्प आणायचा तर जनसुनावणी घ्यावी लागते, पण केंद्र सरकारने देशाच्या संरक्षणाशी संबंधित ठरवलेल्या प्रकल्पांना तीतून सूट आहे. माहिती अधिकारात सुरक्षेच्या कारणाने माहिती नाकारता येते आणि डीआरडीओ तर त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतच बसवलेली आहे, म्हणजे भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप सोडला तर दार बंद. तोफेचा पल्ला गुप्त ठेवा, मला काही अडचण नाही. क्षेपणास्त्राचं इंधन कसं मिसळतात तेही सांगू नका. पण भरणी विभागातल्या मजुराचं हिमोग्लोबिन किती, कुंपणाबाहेरच्या बोअरच्या पाण्यात काय आहे, हे कळल्याने कोणत्या शत्रूचा फायदा होतो? कोणता शेजारी देश आमच्या वस्तीतल्या बाईच्या यकृताचा अहवाल चोरायला हेर पाठवणार आहे?

गुप्ततेचा इतिहास बघितला की ती कुणापासून ठेवली जाते ते कळतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणि युद्धकाळातही ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रावळपिंडीत शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्ड वायूच्या चाचण्या घेतल्या. हे भाजलेले सैनिक इंग्रजांच्याच फौजेतले होते. ती कागदपत्रं २००७ मध्ये वर्तमानपत्रात आली, तोवर ज्यांच्या अंगावर फोड आले होते त्यांना विचारायला कुणी उरलं नव्हतं.

आणि स्वतंत्र भारताचं उदाहरण घ्या. १९९७ मध्ये भारताने रासायनिक अस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार आपल्याकडे १,०४४ टन सल्फर मस्टर्ड असल्याचं जाहीर केलं. त्याआधी असं काही आपल्याकडे आहे हे सरकार मान्यच करत नव्हतं. २००९ पर्यंत तो सगळा साठा परदेशी निरीक्षकांच्या देखरेखीखाली नष्ट केला गेला. चांगलंच झालं. पण देशाचं सर्वात गुप्त अस्त्र परदेशी माणसाला दाखवल्याने सुरक्षा धोक्यात आली नाही, तर कुंपणालगतच्या ग्रामपंचायतीला विहिरीच्या पाण्याचा अहवाल दिल्याने कशी येईल? याचं उत्तर कुणाकडे असेल तर जरूर द्यावं.

विहीर तपासली की सापडतं. केरळात आलुव्याजवळ इस्रोचा अमोनियम परक्लोरेटचा कारखाना आहे. तिथल्या आसपासच्या विहिरींत परक्लोरेट सापडलं, आणि ते शोधलं ते कुठल्या परदेशी संस्थेने नाही, तिरुवनंतपुरमच्या सरकारी प्रयोगशाळेने. महाराष्ट्रात खडकी, देहूरोड, भुसावळ, वरणगाव, अंबाझरी, भद्रावती, जवाहरनगर, पुलगाव, एवढी नावं माझ्यासारख्याला सहज आठवतात. यातल्या प्रत्येक ठिकाणी विष पसरलं आहे असा माझा दावा नाही. माझा दावा इतकाच आहे की तसं नाही, हे सांगणारा कागद त्या त्या गावाच्या हातात असला पाहिजे, आणि तो देणं हे सरकारचं काम आहे.

अमेरिकेत कॅम्प लजून नावाचा मरीन सैनिकांचा मोठा तळ आहे. तिथल्या नळाच्या पाण्यात १९५३ ते १९८७ या काळात ट्रायक्लोरोइथिलीन, बेंझीन आणि कपडे धुण्याच्या दुकानातून झिरपलेलं रसायन होतं. १९८२ मध्ये तपासणीत ते लक्षात आलं, तरी दूषित विहिरी बंद व्हायला १९८५ उजाडलं. जेरी एन्समिंगर या सार्जंटची नऊ वर्षांची मुलगी त्याच १९८५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने मेली. पाण्याबद्दल त्याला कळलं ते १९९७ मध्ये, टीव्हीवरची बातमी बघून. पुढची पंधरा वर्षं हा माणूस सरकारच्या मागे लागला आणि २०१२ मध्ये त्याच्या मुलीच्या नावाने सैनिक आणि कुटुंबीयांच्या उपचाराचा कायदा झाला. २०१७ मध्ये आठ आजारांबाबत नियम आला की त्या काळात तळावर तीस दिवस राहिलेल्या सैनिकाला हा आजार झाला तर तो पाण्यामुळेच झाला असं धरून चालायचं, त्याने सिद्ध करत बसायचं नाही. २०२२ मध्ये नुकसानभरपाईसाठी कोर्टात जायचा हक्क मिळाला.

याचा अर्थ अमेरिका न्यायी आहे असा कुणी घेऊ नये. याच कॅम्प लजूनच्या आवारात मॉन्टफर्ड पॉइंटला १९४२ पासून काळ्या मरीन सैनिकांना वेगळं काढून प्रशिक्षण दिलं जात होतं. त्याच देशाने व्हिएतनामवर एजंट ऑरेंज फवारलं, आपल्या सैनिकांसाठी १९९१ मध्ये कायदा केला आणि व्हिएतनामी पीडितांचा दावा २००५ मध्ये त्यांच्या कोर्टाने फेटाळला. आणि लजूनवर काम करणाऱ्या बिगरलष्करी कामगारांना २०१२ चा कायदा लागू नव्हता, ते दहा वर्षांनी यादीत आले. तिथेही कामगार शेवटीच. पण त्या लढ्यातली एक गोष्ट आपण उचलायला हवी, ती म्हणजे पुराव्याचं ओझं आजारी माणसाच्या डोक्यावरून काढून घेणं. आपल्याकडे ठेकेदाराच्या मजुराकडे आपण तिथे कामाला होतो याचाच पुरावा नसतो. मग आजार कशाने झाला हे तो काय डोंबल सिद्ध करणार?

कायदा नाही म्हणून हे होतं, असंही नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कलमं घातली गेली की धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगाराला, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेला द्यावी, प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद ठेवावी आणि ती त्याला बघायला मिळावी. त्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत शिशाची विषबाधा होती, विषारी कावीळ होती, बेंझीन आणि त्याच्या कुळातल्या नायट्रो संयुगांची विषबाधा होती. टीएनटी याच कुळातला. असा रुग्ण समोर आला तर डॉक्टरने कारखाना निरीक्षकाला कळवायचं असतं. या कायद्याच्या जागी आणलेल्या २०२० च्या संहितेतही अशा आजारांची यादी आहेच. आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. के. रामस्वामी यांनी ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला की कामगाराचं आरोग्य हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्यांनी आरोग्य नोंदी किती काळ ठेवायच्या तेही सांगितलं. नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर. आदेश ॲस्बेस्टॉसपुरता होता, पण तर्क तर दारूगोळ्यालाही तंतोतंत लागू पडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या त्या खुर्चीपर्यंत पोचलेल्या मोजक्या दलित न्यायमूर्तींपैकी एकाने हे लिहून ठेवलं आहे. आपल्या जयंतीच्या भाषणांत मी त्यांचं नाव ऐकलेलं नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त करून ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या. दारूगोळ्याच्या कारखान्यांची कंपनी पुण्यातच आहे. त्याच वर्षी संसदेने या कामगारांच्या संपावर बंदी घालणारा कायदाही मंजूर केला, वर्षभराच्या मुदतीचा का होईना. त्या वेळी आपल्या संघटनांनी आरक्षणाचं काय होणार हा प्रश्न विचारला, आणि तो बरोबर होता. पण कायम नोकरी गेली की तिच्याबरोबर कारखान्याचं हॉस्पिटल जातं, तपासणी जाते, सेवापुस्तक जातं. ठेकेदाराकडे आरक्षण नाही, तरी झाडायला, पेट्या उचलायला, सांडलेलं पुसायला येणाऱ्यांत आपलीच माणसं जास्त दिसतात. वर आरक्षण संपतं आणि खाली आपोआप लागू होतं, हा चमत्कार फक्त याच देशात होतो!

मला दोन उत्तरं नेहमी मिळतात. पहिलं, असं बोलणं म्हणजे लष्कराचं खच्चीकरण. उलट आहे. पुलगावला आग विझवायला गेलेले जवानच मेले. पाझरणाऱ्या सुरुंगांजवळ सगळ्यात जास्त वेळ तेच असतात. त्यांची रक्ततपासणी मागणं हे खच्चीकरण असेल, तर लष्करी हॉस्पिटलंही बंद करा. दुसरं उत्तर आपल्यातूनच येतं आणि ते जास्त गंभीर आहे. ताई म्हणतात, भाऊ, असं काही बोललास तर पोराचं काम जाईल, गेटपास मिळणार नाही. ही भीती खोटी नाही. तिला भित्रेपणा म्हणणाऱ्या शहरी कार्यकर्त्याने आधी एक महिना त्या घरात राहून दाखवावं. म्हणूनच मागणी एकट्या मजुराने करू नये. संघटनेने करावी, ग्रामसभेने ठराव करून करावी, आणि जे निवृत्त झाले आहेत, ज्यांचा गेटपास आता कुणी काढून घेऊ शकत नाही, त्यांनी पुढे यावं. बारामती-इंदापुरात अशी माणसं वस्तीवस्तीत आहेत.

त्यांनी तीन कागद मागावेत. सेवेच्या काळातल्या वैद्यकीय तपासण्यांच्या नोंदी. ज्या विभागात काम केलं तिथल्या रसायनांची नावं. आणि कारखान्याच्या आवारातल्या व लगतच्या पाण्याचे तपासणी अहवाल. माहिती अधिकाराच्या अर्जात पहिल्याच ओळीत लिहावं की मी स्वतःच्या शरीराबद्दलची माहिती मागतो आहे. सुरक्षेचं कारण देऊन नाकारलं तर पहिल्या अपिलात कलम ८(२) चा दाखला द्यावा. सार्वजनिक हित मोठं असेल तर सुरक्षेच्या कारणाने रोखलेली माहितीही देता येते, असं ते कलम सांगतं. ज्यांनी ठेकेदाराकडे काम केलं त्यांनी जुने गेटपास, हजेरीच्या चिठ्ठ्या, बँकेच्या पासबुकातल्या नोंदी, जे असेल ते फेकू नये, पिशवीत घालून ठेवावं. आमच्याकडे निरवांगीत रविवारी वंदनेनंतर विहारात आम्ही बसतो. अर्ज लिहून द्यायला मी असतो, झेरॉक्सचे पैसे वर्गणीतून. येताना पेन्शनचं पुस्तक आणि आधार कार्ड आणावं, डोळ्यांचं किंवा यकृताचं काही ऑपरेशन किंवा औषध चालू असेल तर त्याचेही कागद.